नववीला व्यवसाय शिकवायचाय? आधी रथसप्तमीची तारीख बघा

नववीच्या मुलांना व्यवसाय शिकवायचा असेल तर फळ्यावर ‘उद्योजक म्हणजे काय’ असं लिहून सुरुवात करू नका. पंचांग काढा आणि रथसप्तमी कधी आहे ते बघा. ठाण्यात मी हा उपक्रम संक्रांतीच्या वाणावर घेते, मुलं वाणाच्या वस्तू करून विकतात, आणि आमची सगळी तयारी त्या तारखेवर ठरते, कारण हळदीकुंकवं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच होतात. 2025 मध्ये रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, हातात तीन आठवडे मिळाले. 2026 मध्ये ती 25 जानेवारीलाच आली, म्हणजे जेमतेम बारा दिवस. मी आदल्या वर्षीचंच वेळापत्रक तसंच वापरलं होतं. त्या घाईची किंमत एका गटाने मोजली, ते पुढे सांगते.

वाणच का, असं सहकारी विचारतात. एक तर हे गिऱ्हाईक मुलांच्या ओळखीचं आहे. प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, कुणीतरी दरवर्षी वाण लुटतं. शिवाय ते एक-दोन नग घेत नाही, पंचवीस-पन्नास घेतं, आणि एका नगाला किती द्यायचे हे घरातून निघतानाच ठरवून येतं. त्याच्यापुढे पाठ केलेलं भाषण चालत नाही. खाण्याच्या वस्तू मात्र पहिल्या वर्षी नकोतच. अगदी छोट्या विक्रेत्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि मुलांच्या हातचे तिळाचे लाडू कुणाला बाधले तर उत्तर शाळेला द्यावं लागेल.

डिसेंबर लागायच्या आत, स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्याआधी, मुलांना प्रश्न घेऊन बाहेर पाठवा. जोडीजोडीने जाऊ द्या, एक पालक लांबून लक्ष ठेवेल. आमची मुलं संध्याकाळी तलावपाळीला आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये गेली. पहिल्या दिवशी सगळे एकच विचारून आले, “काकू, आम्ही बटवे केले तर घ्याल का?” सगळ्या काकू “हो बाळा, घेऊ की” म्हणाल्या. त्या होकाराला काही अर्थ नसतो. शाळेच्या गणवेशातल्या मुलाला तोंडावर नाही कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलून दिले: गेल्या वर्षी काय लुटलंत, किती नग, कितीला पडला, कुठून आणलात, कधी आणलात? या उत्तरांनी वह्या भरल्या. बहुतेकींची खरेदी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच उरकते, हे मुलांना तेव्हा कळलं. संक्रांतीच्या दिवशी शाळेच्या दारात स्टॉल मांडायचा त्यांचा बेत त्यांनी स्वतःच मोडला आणि ऑर्डर घेऊन माल करायचं ठरवलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

भांडवलाची सोय आधी करा. दिल्ली सरकारने ‘बिझनेस ब्लास्टर्स’ या शाळांमधल्या उद्योजकता उपक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना डोई 2000 रुपये दिले होते. आम्ही पाच जणांच्या एका गटाला मिळून 1500 देतो, आणि तेही उसने. माझ्या मते परतफेड असलीच पाहिजे. फुकटात मिळालेल्या पैशाचा हिशोब मुलं मन लावून ठेवत नाहीत, हे मी पहिल्या वर्षी पाहिलं. रक्कम लहान वाटली तर त्यांना लिज्जत पापडाची गोष्ट सांगा: 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. वर्गात ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, “बाई, मग ते ऐंशी त्यांनी परत कधी केले?” मला बरोबर हाच प्रश्न हवा होता.

कागदपत्रांना एक दुपार पुरते. 1872 च्या करार कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार धरला जात नाही, तेव्हा कापडवाल्याशी बोली शिक्षकाने किंवा पालकाने करायची आणि पावती मोठ्या माणसाच्या नावावर घ्यायची. क्यूआर कोड एकाच पालकाचा ठेवा, रोजची जमा त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी फाइलला लावा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, म्हणून माल कागदी पिशवीतच द्यायचा हे मुलांना सुरुवातीलाच सांगून टाका.

मग ठाण्याची बाजारपेठ, जांभळी नाका. सकाळी लवकर जा, दुपारनंतर तिथे उभं राहायला जागा नसते. प्रत्येक गटाने निदान तीन दुकानांत भाव विचारायचा आणि तिन्ही लिहून आणायचे, खरेदी दुसऱ्या फेरीत. आमच्यातली एक अबोल मुलगी गोंड्याच्या दोरीच्या दुकानात किती तरी वेळ नुसती उभी होती. दुकानदाराने “काय पाहिजे?” विचारल्यावर ती पुटपुटली, “पन्नास घेतले तर कितीला?” त्याने भाव सांगितला. तिने वहीत लिहिला, मान वर केली आणि म्हणाली, “आणि शंभर घेतले तर?” दुकानदार हसला आणि स्टूल पुढे सरकवून तिला बसायला सांगितलं. नफा-तोट्याच्या धड्यात घाऊक भाव मी कितीतरी वेळा शिकवला असेन. तिला तो त्या स्टुलावर समजला.

हिशोबाची वही या सगळ्यात मोलाची, तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. बटव्यांच्या गटाचं पान मी जपून ठेवलंय. पन्नास बटव्यांसाठी कापड 630, दोरी 120, शेजारच्या ताईंची शिलाई 500, मिळून 1250. म्हणजे बटवा 25 ला पडला. 30 ला विकायचा ठरला आणि 250 रुपये नफा समोर दिसत होता. मग रिक्षाचे 140 निघाले, जे कुणीच लिहिले नव्हते. नावाच्या चिठ्ठ्या छापायचे 60. आणि दिवस कमी म्हणून कापड एका संध्याकाळीच कापलं, त्यात चार बटवे वाकडे झाले. 46 विकले, 1380 आले. खर्च 1450. तोटा 70 रुपये. वहीत म्हणूनच पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखून घ्या: माल, मजुरी, आणि ‘इतर’. ‘इतर’चा रकाना रोज भरायचा, रिकामा असेल तर का रिकामा आहे हे लिहायचं. शिलाई घरच्या आईने केली तरी तिची मजुरी धरायची. यावर मी हटून बसते, कारण आईच्या कष्टांना शून्य रुपये धरणारा हिशोब मला मुलांच्या हातून नको आहे.

पालकांची सभा वेगळी घ्या आणि एकच विनंती करा: उरलेला माल तुम्ही विकत घेऊ नका. एका आईने मुलाचा चेहरा पडलेला पाहवेना म्हणून बहिणींच्या नावाने वीस नगांची ऑर्डर दिली होती. तिची माया मला समजते, पण त्या मुलाने ठरवलेली विक्रीची किंमत चुकली होती आणि ते त्याला कळायचं राहून गेलं.

जमलं तर वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लहान कारखान्यात अर्धा दिवस काढा. मोठ्या वक्त्याचं भाषण ठेवण्यापेक्षा हे बरं. मुलांना दोन प्रश्न देऊन न्या: उधारी किती दिवसांची असते, आणि पैसे थकले की पगार कुठून करता?

रथसप्तमीनंतरच्या आठवड्यात एका दिवसाचे दोन तास आत्ताच वेळापत्रकात राखून ठेवा, नाहीतर सराव परीक्षा ते खाऊन टाकतील. त्या दिवशी उसने पैसे परत करायचे. बटव्यांच्या गटाला 70 रुपये कमी पडले, पाच जणांत प्रत्येकी 14. “राहू दे” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, मी ते गिळले. पाचही जणांनी खाऊच्या पैशातून नाणी मोजून टेबलावर ठेवली. एकाने वीसची नोट दिली आणि सहा रुपये परत मागून घेतले. ते चार वाकडे बटवे माझ्या कपाटात आहेत. नव्या नववीचा उपक्रम सुरू झाला की पहिल्या तासाला आधी तेच तिच्या हातात देणार आहे.