ट्रॅप बीट करताना या चुका टाळा: आधी ८०८ तपासा

ट्रॅप या हिप-हॉपच्या शैलीतला खोल बास, ज्याला ८०८ म्हणतात, रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० साली आलेल्या ड्रम मशीनच्या किकमधून, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्यातून, घडला आहे. मूळचा ड्रमचा आवाज असल्यामुळे नवशिके त्याला ड्रमसारखेच वागवतात आणि त्यालाही सूर असतो हे विसरतात. बिघडलेल्या बहुतेक बीट्सचे मूळ, माझ्या मते, याच एका विसरण्यात सापडते.

मेलडी एकटी गोड वाटते, पण बास सुरू होताच सगळे बेसूर होत असेल, तर सॅम्पलचा, म्हणजे बाससाठी वापरलेल्या ध्वनिफाइलचा, मूळ स्वर तपासावा. फाइल एफ स्वरातली असूनही सॅम्पलरने (ती वेगवेगळ्या स्वरांत वाजवणाऱ्या साधनाने) ती सी समजून घेतली असेल, तर पियानो रोलवर, म्हणजे स्वर मांडण्याच्या चौकटीत, पट्टीतलाच स्वर लिहूनही ऐकू भलताच येतो. ट्यूनर लावताना सुरुवातीचा ठोका सोडून द्यावा, कारण तिथे स्वर वेगाने खाली घसरत असतो. मागे रेंगाळणारा भाग मोजावा. कानाने जुळवायचे असेल, तर सॅम्पल एक-दोन सप्तके वर चढवून ऐकावा, कारण इतक्या खालच्या पट्टीत कानाला स्वर नीट ओळखता येत नाही.

बास गढूळ वाटण्याचे कारण अनेकदा साधे असते: आधीचा स्वर विरण्यापूर्वी पुढचा सुरू होतो. सॅम्पलर एका वेळी एकच स्वर वाजेल अशा मोनो मोडवर ठेवला की हा गोंधळ मिटतो. किक आणि ८०८ एकत्र वाजताच दोन्ही पोकळ वाटत असतील, तर त्यांच्या लहरी एकमेकींना खोडत आहेत असे समजावे. अशा वेळी एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहावी, किंवा आखूड किक निवडून तिचा ठोका येताच ८०८ क्षणभर दबेल असे साइडचेन (एका आवाजाने दुसरा आपोआप कमी करण्याची जोडणी) लावावे. दोघांचा आवाज वाढवत नेणे हा उपाय नव्हे.

मोबाइलवर बास गायब होतो, ही तक्रार नेहमीची आहे. ५० हर्ट्झचा स्वर छोट्या स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. मात्र थोडे सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला हलकी विकृती, दिल्यास १०० आणि १५० हर्ट्झच्या आसपास उपस्वर तयार होतात आणि त्यांच्या आधाराने कान मूळ स्वर ओळखतो. पट्टी निवडतानाही हे ध्यानात ठेवावे: सर्वांत खालचा सी सुमारे ३३ हर्ट्झवर येतो, जो मोठ्या स्पीकरलाही जड जातो, तर एफ ते ए हा ४४ ते ५५ हर्ट्झचा पट्टा बराच सोयीचा आहे.

तालाबद्दल थोडक्यात. १४० बीपीएमवर (मिनिटाला १४० ठोके) स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवली तर बीट धावत सुटते. ट्रॅपची संथ, जड चाल हवी असेल तर ती तिसऱ्या ठोक्यावर असावी. हाय-हॅटचे (छोट्या झांजांचे) सर्व ठोके एकाच जोराने वाजत असतील तर कितीही रोल, म्हणजे झरझर ठोक्यांच्या लडी, घातल्या तरी ते यांत्रिकच वाटतात, म्हणून व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, कमीजास्त करावी आणि रोल ओळीच्या शेवटासाठी राखून ठेवावेत.

मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकवर, लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारे साधन) दाबून आवाज मोठा करण्याची घाईही नको. बीटवर अजून कोणीतरी गायचे आहे. शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून, लिमिटर न लावलेली फाइल द्यावी.