अन्नातून विषबाधा: वास नाही म्हणजे चांगलं, असं समजू नका

निफाडकडच्या एका गावात जानेवारीत सप्ताहाची सांगता होती, काल्याच्या महाप्रसादाला मसालेभात. पहाटे उठायचा कंटाळा म्हणून पोरांनी रात्री दहालाच भात उतरवला आणि वर घट्ट झाकण ठेवलं. मी म्हटलं, परातींत पसरा रे. तर म्हणे, "मामा, बाहेर आठ डिग्री आहे, अख्खं निफाड फ्रिज झालंय!" मीही दमलो होतो, ऐकलं. चूक माझीच.

सकाळी वरचा थर गार, पण डाव मध्यात घातला तर अजून कोमट. वास नाही, तार नाही. पुन्हा गरम करून वाढला. दोन-तीन तासांत पहिल्या पंगतीतल्या माणसांना उलट्या सुरू. गावाने दोष दिला बुंदीला.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात 5 ते 60 अंशांच्या मध्ये तासन्‌तास राहिला की ते जागे होतात आणि विष सोडतात. जंतू मरतील, पण उलट्या करवणारं ते विष उकळीला दाद देत नाही. बाहेर कितीही थंडी असो, मोठ्या पातेल्याचं पोट रात्रभर उबदारच राहतं.

आता मी रात्री फक्त तांदूळ निवडून ठेवतो. भात पहाटेच, तोही लहान पातेल्यांत. उरलाच तर परातीत दोन बोटं थर, वर पंखा, दोन तासांच्या आत फ्रिज. ज्याला एवढी घाई असेल त्याने पोहे करावेत.

दुसरी चीड भगरीच्या सुट्या पिठाची. पिठाला ओल लवकर लागते, बुरशी धरते आणि तिचं विष शिजवून जात नाही. दर महाशिवरात्रीला, नवरात्रात तीच बातमी! आपल्याच नाशिक जिल्ह्यात भगरीच्या गिरण्या, तरी लोक महिनोन्‌महिने उघडं पडलेलं पीठ आणतात. अख्खी, पाकीटबंद भगर आणा, तारीख बघा, लागेल तेवढीच घरी दळा.

बोटाला कापलंय? कणीक दुसऱ्याला मळू द्या.

चिकनची सुरी धुतल्याशिवाय काकडीला लावू नका.

उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट. जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका. शौचातून रक्त, जोराचा ताप किंवा लघवी कमी झाली तर थेट डॉक्टरांकडे. तिथे आधी काय आणि किती वाजता खाल्लं ते सांगा, बुंदीला शिव्या नंतर.