गॅस गिझर पेटेना, दोष निघाला जाळीत

नळ पूर्ण सोडला तरी गिझरची टक-टक ऐकूच येईना. आधी १.५ व्होल्टचे दोन्ही सेल बदलले, फरक शून्य. मग लक्षात आलं, थंड नळाला धो-धो पाणी आणि गिझरमधून मात्र करंगळीएवढी धार. गिझरमधला रबरी पडदा पाण्याच्या दाबाने सरकतो, तेव्हाच गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. दाबच नसेल तर पेटणार कसं?

गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून पाण्याचा इनलेट पाइप सोडवला. आतली बारीक जाळी पांढऱ्या क्षाराने आणि गंजाच्या कणांनी गच्च भरली होती. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासली. पहिल्याच फटक्यात निळी ज्योत!

ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर मात्र गिझर बंद करून मेकॅनिकच बोलवा. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघू शकतो आणि त्याला वास नसतो. बाथरूममध्ये हवा खेळती हवीच.