कंपनीकडून पैसे बुडाले? दावा लावण्याआधी या चुका टाळा

"कंपनी नावालाच आहे हो, सगळं साहेबांचंच!" असं पक्षकार म्हणाला की मी आधी पर्चेस ऑर्डर मागते. ऑर्डर कंपनीच्या नावाने असेल तर देणेकरी कंपनी, साहेब नव्हे. साहेबांच्या सहीखाली 'करिता' आणि कंपनीचा शिक्का असतो, तो वाचायला कुणाला वेळ नसतो.

भोसरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने असाच थेट संचालकावर दावा लावला होता, का तर बंगला त्याच्या नावावर. चलनं, बिलं, जीएसटी क्रमांक सगळं कंपनीचं. प्रतिवादीच्या वकिलांनी ऑर्डर पुढे ठेवली आणि दावा तिथेच लंगडा झाला. फाइल माझ्याकडे आली तेव्हा वसुलीची तीन वर्षांची मुदत उलटलेली. मुदत कायद्याच्या कलम 21 नुसार नव्या प्रतिवादीविरुद्धचा दावा त्याला जोडल्या दिवशी दाखल झाला असं धरतात. चूक प्रामाणिक होती हे पटलं तरच कोर्ट आधीची तारीख देतं. आम्ही ते पटवलं, पण तोवर कंपनीच्या शेडमधली मशिनं विकली गेली होती. कष्टाचा पैसा असा घाईने जातो, याचा मला अजून राग येतो.

"पण सगळे शेअर्स त्याचेच आहेत!" असतील. लंडनच्या सॉलोमन या बूट बनवणाऱ्याकडे त्याच्या कंपनीच्या 20,007 पैकी 20,001 शेअर्स होते, उरलेले सहा बायको-मुलांचे. तरी 1896 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कंपनी वेगळी व्यक्तीच मानली. एकहाती ताबा आहे एवढ्यावर कंपनीचा पडदा उचलला जात नाही, म्हणजे तिच्यामागच्या माणसाला जबाबदार धरलं जात नाही, कंपनीच्या आडून फसवणूक किंवा कायद्याला बगल दिल्याचं दाखवावं लागतं. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी चार कंपन्या काढल्या. गुंतवणुकीचं उत्पन्न कंपनीत जमा व्हायचं आणि कर्ज म्हणून त्यांच्याकडेच परत यायचं. मुंबई उच्च न्यायालयाने तो पडदा बाजूला सारला, कारण धंदा कुठे नव्हताच, होती ती करचुकवेगिरी. स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणात, 1996 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही लोकांना बुडवायला कंपनी वापरली तर तिच्यामागे लपता येणार नाही असंच सांगितलं.

म्हणून दाव्यात नुसतं 'फसवणूक केली' लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणाच्या खात्यात गेली ते लिहा. मी लिहायला बसण्याआधी एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरून ताळेबंद, संचालकांची यादी आणि बोजांची, म्हणजे तारण कर्जांची, नोंद काढते. संचालकाच्या सोसायटीचा मेंटेनन्स किंवा मुलीच्या लग्नाचा हॉल कंपनीच्या खात्यातून भरलेला दिसला, तर दाव्याला खरा आधार मिळतो. इंटरनेटवरून दाव्याचा मसुदा उचलणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात. संचालकाने वैयक्तिक हमी दिली असेल तर पडदा उचलायची गरजच नाही, हमीपत्रावर दावा करा. ते ऑर्डर घेतानाच मागायचं असतं.

कंपनीचा चेक परतला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 च्या तक्रारीत कंपनीलाही आरोपी करा. फक्त संचालकाला ओढलं तर तक्रार टिकत नाही, हे अनिता हाडा प्रकरणात 2012 मध्येच ठरलं आहे.

आणि संचालकांनो, कंपनीच्या मालाचा विमा स्वतःच्या नावाने काढू नका. मकौरा या जमीनमालकाने लाकूड आपल्याच कंपनीला विकलं, विमा मात्र स्वतःच्याच नावावर काढला. लाकूड जळालं, पण ते कंपनीचं होतं, म्हणून 1925 च्या निकालात त्यांच्या हाती एक पेनीही आली नाही.