घरी काडतुसे भरण्यासाठी टेबल आणि जागा कशी तयार करावी

नेमबाजीचा सराव वाढला की रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा ढीग साचत जातो आणि त्या पुन्हा भराव्यात असे मनात येऊ लागते. मग बहुतेकजण आधी प्रेस, म्हणजे पुंगळी दाबून काडतूस भरायचे हँडलचे यंत्र, विकत आणतात आणि ती बसवायची कुठे हे नंतर बघतात. मीही तेच केले. घरातल्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाला प्रेस आवळली, रायफलची पहिली पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, दाबली आणि टेबलाचे मागचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. तेव्हापासून कोणी विचारले की सुरुवात कशापासून करू, तर मी एकच सांगतो: टेबलापासून.

त्याहीआधी एक काम आहे. तुम्ही राहता तिथे घरी काडतुसे भरायला परवानगी आहे का, हे नीट तपासा. काही देशांत नेमबाजांना तशी मुभा आहे. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. पावडर (गोळी ढकलणारी दारू) आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ती दारू पेटवणारी टिकली) घरात किती ठेवता येतात याचेही नियम असतात. उदाहरणार्थ, अमेरिकेतली अग्निसुरक्षा संहिता घरात 10,000 प्रायमरची मर्यादा घालते. परवानगी नसेल तर इथेच थांबा.

जागा

दार बंद करून कुलूप लावता येईल अशी छोटी खोली सगळ्यात चांगली. लहान मुले आणि पाळीव प्राणी तिथे फिरकता कामा नयेत. गॅस, हीटर, बॉयलर यांच्या जवळची जागा नको. पत्र्याच्या छपराखालची शेडही नको, कारण उन्हात ती भट्टीसारखी तापते आणि उष्णतेने पावडरचे आयुष्य घटते. खाली गुळगुळीत फरशी असू द्या. गालिचा असेल तर काढून टाका. त्यात पडलेला प्रायमर सापडत नाही, शिशाची धूळ आत मुरते आणि चालताना अंगात स्थिर वीज साठते. खोलीत ओल असेल तर पितळ काळवंडते आणि हवा फार कोरडी असेल तर हीच स्थिर वीज त्रास देते, म्हणून आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहील असे बघा.

टेबल

साधारण 150 सेंमी लांब आणि 60 सेंमी रुंद टेबल एका माणसाला पुरते. उंची मात्र दुसऱ्याचे माप घेऊन ठरवू नका. बसून काम करणार असाल तर 75 सेंमीच्या आसपास, उभ्याने करणार असाल तर 95 ते 100 सेंमी. प्रेस हातात धरून बघा: हँडल पूर्ण खाली आल्यावर कमरेतून वाकावे लागत असेल तर टेबल बुटके आहे.

वरच्या फळीसाठी 18 मिमी प्लायवूडचे दोन थर चिकटवून स्क्रूने आवळा, म्हणजे 36 मिमीची ठोस फळी मिळते. पाय जाड लाकडाचे घ्या आणि पायांमध्ये तिरक्या पट्ट्या मारा. त्या नसतील तर टेबल पुढेमागे डुलते. समोरच्या बाजूला फळी चौकटीच्या बाहेर सात-आठ सेंमी येऊ द्या, नाहीतर प्रेसच्या खालचे सांधे चौकटीवर आपटतात. मागची बाजू भिंतीला पक्की जोडा. हँडल दाबताना सगळा जोर टेबलाच्या पुढच्या कडेवर येतो आणि तो पेलायला लाकडाच्या वजनापेक्षा भिंतीचा आधार खात्रीचा. खाली एक आडवी फळी टाका आणि शिशाच्या गोळ्यांचे जड खोके तिथेच ठेवा. सामानही ठेवले जाते आणि टेबलाला वजनही मिळते.

पृष्ठभाग पांढरा किंवा फिकट आणि गुळगुळीत असावा, यात तडजोड करू नका. पावडरचे दाणे काळसर असतात. गडद लाकडावर सांडलेले चिमूटभर दाणे दिसतच नाहीत, पांढऱ्यावर एक दाणासुद्धा नजरेत भरतो. मागच्या आणि बाजूच्या कडांना सेंटीमीटरभर उंचीची पट्टी लावली तर प्रायमर घरंगळून खाली जात नाहीत.

प्रेस बसवणे

प्रेस टेबलाच्या मधोमध बसवू नका. तिथे फळी सगळ्यात जास्त वाकते. पायाच्या शक्य तितकी जवळ बसवा. भोके पाडण्याआधी प्रेस नुसती जागेवर धरून हँडल वरखाली फिरवा, कोपर भिंतीला किंवा कपाटाला लागतो का ते पाहा. मग आरपार बोल्ट घालून खालून मोठे वॉशर, जमल्यास लोखंडी पट्टी लावा. नुसत्या वॉशरखाली प्लायवूड हळूहळू दबत जाते. लाकडी स्क्रूवर भिस्त ठेवू नका. पहिल्या शंभरेक पुंगळ्यांनंतर नट पुन्हा आवळा, ते ढिले झालेले असतातच.

उजेड

डोक्यावरचा दिवा पुरत नाही, कारण तुमचीच सावली कामावर पडते. प्रेसच्या चौकटीच्या आत छोटी एलईडी पट्टी लावा, अशी की पुंगळीच्या तोंडातून तळाशी असलेली पावडर दिसेल. पिस्तुलाच्या काडतुसात पावडर इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, गोळी बसवली की चूक झाकली जाते आणि ती कळते थेट बंदूक फुटल्यावर. म्हणून भरलेल्या पुंगळ्या 50 भोकांच्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या, टॉर्च तिरका धरायचा आणि सगळ्यांत पावडरची पातळी सारखी आहे का ते एका नजरेत बघायचे. गोळी त्यानंतरच बसवायची. या ठोकळ्यासाठी टेबलावर कायमची जागा राखून ठेवा.

तराजू

पावडरचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 64.8 मिलिग्रॅम आणि तराजूला त्याचाही दहावा भाग अचूक दाखवावा लागतो. इतक्या नाजूक मापाला पंख्याची झुळूकही पुरते. माझा डिजिटल तराजू दर मिनिटाला वेगळे वजन दाखवायचा, मी तो खराब झाला असे धरून चाललो होतो. छताचा पंखा बंद केला आणि आकडा जागेवर थांबला. तराजू प्रेसच्या टेबलावर ठेवू नका, प्रत्येक हिसक्याने तो हलतो. भिंतीत वेगळी छोटी फळी ठोका. दांडीचा तराजू असेल तर ती फळी डोळ्यांच्या पातळीवर हवी, वरून बघितले तर काटा चुकीचा वाचला जातो. डिजिटल असेल तर अर्धा तास आधी चालू करून ठेवा आणि बसण्याआधी प्रमाण वजनाने तपासा.

पावडर आणि प्रायमर

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. हा नियम भिंतीवर लिहून लावा. एकदा काम मध्येच सोडून मी फोन घ्यायला गेलो. परत आलो तर टेबलावर दोन डबे होते आणि पावडर मेजर, म्हणजे पावडर मापून पुंगळीत टाकायचे साधन, अर्धे भरलेले. आत कोणती पावडर आहे ते मला सांगता येईना. दोन्ही राखाडी, दोन्हींचे दाणे बारीक. डोळ्यांनी ओळखायला गेलो असतो तर मोठी चूक झाली असती. मेजरमधली सगळी पावडर मी वाया घालवली आणि त्याच दिवशी पावडरचे कपाट टेबलापासून हलवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेले. आता डबा आणायचा तर उठावे लागते, आणि उठताना पहिला डबा परत न्यायची आठवण होतेच.

काम संपले की मेजरमधली पावडर मूळ डब्यात परत ओता. काही पावडरींमध्ये नायट्रोग्लिसरीन असते. अशी पावडर आत राहिली तर प्लास्टिकची नळी आधी पिवळट आणि मग धुरकट होते.

पावडरचे कपाट लाकडी असू द्या. पक्क्या बंद लोखंडी तिजोरीत ठेवणे सुरक्षित वाटते, पण आग लागली तर कोंडलेला वायू तीच तिजोरी फोडतो. डबे नेहमी मूळचेच. उघडल्यावर आंबट, तिखट वास आला किंवा आत तांबूस धूळ दिसली तर ती पावडर खराब होत आहे. ती वापरू नका.

प्रायमर पावडरपासून वेगळे ठेवा, तेही त्यांच्या मूळ खोक्यांतच. प्रत्येक खोक्यात त्यांच्यामध्ये मुद्दाम अंतर ठेवलेले असते. ते काढून काचेच्या बरणीत एकत्र ओतणे म्हणजे स्वतःच्या हाताने बॉम्ब तयार करणे, कारण एक पेटला की सगळे एकदम उडतात.

अग्निशामक नळकांडे दाराजवळ लावा, टेबलामागे नाही. ते पेटलेल्या लाकडासाठी आणि कागदासाठी आहे. पावडरमध्ये जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिचा तिच्यातच असतो, त्यामुळे ती गुदमरवून विझत नाही. ती पेटली तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

घाण काम वेगळे

वापरलेल्या पुंगळ्यांवरच्या काजळीत शिसे असते. त्या घासायचे यंत्र या खोलीत नकोच. व्हरांड्यात किंवा मोकळ्या हवेत ठेवा, कारण झाकण उघडताना उडणारी धूळ सरळ नाकात जाते. टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर इथे कधीही फिरवू नका: सांडलेली पावडर आणि प्रायमर त्याच्या मोटारीपर्यंत पोहोचतात आणि शिशाची बारीक धूळ घरभर उडते. या खोलीत चहासुद्धा नको. उठल्यावर साबणाने हात धुवा, मगच मुलांना जवळ घ्या.

सगळे जागेवर बसले की पहिल्या दिवशी पावडर आणि प्रायमर कपाटातच राहू द्या. चष्मा घाला, दहा पुंगळ्यांना वंगण लावा आणि त्या एकेक करून डायमधून काढा. टेबल कुठे करकरते, हात कुठे अडतो, कोणती वस्तू घ्यायला मान वळवावी लागते, ते वहीत लिहा आणि दुरुस्त करा. पुन्हा दहा काढा. अकराव्या पुंगळीला काही खटकले नाही, तर दुसऱ्या दिवशी पावडरचा पहिला डबा आणा.