डोकं आधीच भरलंय आणि निर्णय घ्यायचाय, तर काय करायचं

पहिलं म्हणजे सगळं डोक्यातल्या डोक्यात करायला जाऊ नका, मावत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये सांगितलं होतं की माणूस एका वेळी सातेक गोष्टी लक्षात धरू शकतो, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवानने तो आकडा चारच्या आसपास आणला. आता मोबाईल घ्यायचाय, समोर बारा मॉडेल्स, प्रत्येकाचे दहा फीचर्स, कशी होणार तुलना? शेवटी जो डोळ्यात भरतो तोच घेतो आपण आणि कारणं नंतर जुळवतो.

म्हणून कागद घ्या. तुम्हाला खरंच पाहिजेत अशा तीन अटी लिहा, बाकीच्या खोडा, आणि तिन्ही अटींत बसणारा पहिला ऑप्शन दिसला की घेऊन टाका, सगळ्यात बेस्ट शोधत बसू नका. हर्बर्ट सायमन साधारण हेच सांगायचा, आणि त्याला १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय, त्यामुळे याला आळशीपणा म्हणू नका प्लीज. घर किंवा ऑपरेशन असेल तर अर्थात वेळ काढा.

दुसरं, डोक्यात आधीपासून काय घोळतंय ते बघा. १९९९ च्या एका प्रयोगात काही लोकांना दोन आकडी नंबर लक्षात ठेवायला दिला, काहींना सात आकडी, आणि मग केक पाहिजे की फळं असं विचारलं, तर सात आकडीवाल्यांनी केक जास्त उचलला. एक नंबर लक्षात ठेवायचा तर ही गत, मग ईएमआयचं टेन्शन असलेल्या माणसाचं काय होत असेल बघा. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, त्यात तेच शेतकरी पीक निघायच्या आधी, म्हणजे हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे आल्यावर सुधारले. त्यामुळे चणचणीत कोणी चुकीचं कर्ज काढलं की लगेच त्याची अक्कल काढणारे मला पटत नाहीत.

राहिलेली कामं 'कधी आणि कुठे करणार' एवढं लिहून टाका, डोकं बरंच मोकळं होतं.

इच्छाशक्ती बॅटरीसारखी संपते वगैरे जे सांगतात ना, ते २०१६ मध्ये तेवीस लॅब्जनी मिळून तपासलं तर जवळपास काहीच हाती लागलं नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

आणि पैशाची तंगी असताना कर्जाच्या कागदावर त्याच दिवशी सही नको. आधी घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या, आणि समोरचा 'ऑफर आजच संपतेय' म्हणाला तर सरळ सांगा, उद्या कळवतो.