मालवणात स्कूबा आणि सिंधुदुर्ग: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्कूबा डायव्हिंग आणि सिंधुदुर्ग किल्ला, दोन्ही एकाच दिवसात उरकणं. उशिरा उठून अकराला स्कूबा, मग भरपेट सुरमई थाळी, आणि तीनच्या उन्हात धावतपळत किल्ला. यात दोन्हींची माती होते. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारी वारा सुटला की होडी हलायला लागते आणि पोटातली थाळी वर येते. स्कूबा पहिल्याच फेरीला करा, हलका नाश्ता करून. थाळी नंतर खा. किल्ल्याला दुसरी सकाळ द्या.

पावसाळ्यात स्कूबा आणि किल्ल्याच्या होड्या, दोन्ही बंद असतात. सप्टेंबरात सगळं सुरू झालं तरी पाणी बरेचदा गढूळच असतं. पाण्याखालचं नीट बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या.

पाण्याखाली अंगठा वर करू नका. तिथे त्याचा अर्थ ‘छान’ नसून ‘मला वर घ्या’ असा होतो. माझा भाचा खुशीत अंगठा दाखवत राहिला, प्रशिक्षकाने त्याला लगेच वर आणलं आणि पोराचा हिरमोड झाला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. कान दुखला तर सहन करत खाली जाऊ नका. तळहात हलवून कानाकडे बोट दाखवा, थोडं वर या, नाक चिमटीत धरून हळूच नाकातून फुंकर मारा. दुखायला लागण्याआधीपासूनच ही फुंकर मारत राहिलात तर त्रास सहसा होत नाही. सर्दी असेल तर मात्र उतरूच नका. परतीचं विमान असेल तर स्कूबा आणि विमानाच्या मध्ये 18 तास सोडा.

आता किल्ला. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि लोक तो मुकाट्याने मान्य करतात. चढण्याआधीच दोन तास हवेत असं सांगा. कुरटे बेटावर 1664 साली याचं बांधकाम सुरू झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे. समोरून येताना महादरवाजा दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर बुरुजांच्या आडून वाट उघडते. शत्रूच्या होडीत बसल्यासारखं ते बघा, मग कळतं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! त्यात बाटल्या टाकणाऱ्यांना तिथल्या तिथे अडवा, मी अडवते. शिवराजेश्वर मंदिरातली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे मंदिर घाईत चुकवू नका. किल्ल्यात आजही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका.

हिवाळ्यात आसपासच्या एखाद्या गावची जत्रा असेल तर रात्री दशावतार नक्की बघा. मात्र दुसऱ्या सकाळचं स्कूबा पुढे ढकला. नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि जागरण करून पाण्यात उतरायचं नसतं.